माझ्यासाठी माइकवरून प्रार्थना

मंडळी, आज सकाळी अख्ख्या कॉलेजने माझ्यासाठी प्रार्थना केली. मागितली कुणी होती?

आमच्या कॉन्व्हेंट ज्युनिअर कॉलेजच्या असेंब्लीत रोज एक मुलगी माइकवरून कुणासाठी तरी प्रार्थना मागते. आज माइकवर माझी जिवलग मैत्रीण मुग्धा होती. डोळे मिटून म्हणाली, "आपल्या सईसाठी प्रार्थना करू या. तिला सायन्स सोडून आर्ट्सला जायचंय, पण आईला सांगायची हिंमत होत नाहीये."

हे मी फक्त मुग्धाला सांगितलं होतं. आणि माझी आई तिथेच गणित शिकवते.

"प्रभो, आमची प्रार्थना ऐक," सगळ्यांबरोबर सवयीने आईही म्हणाली. मग तिने डोळे उघडून थेट माझ्याकडे पाहिलं.

मुग्धाचा मेसेज आलाय, "अगं, मी देवाकडेच मागत होते ना!"

देवाला माइक लागतो का हो?