एका जीपमधल्या दोन बाटल्या

“पोपटराव, ही बाटली तुमची नाही.”

लेबलवरचा नंबर मी पुन्हा कॉम्प्युटरवर पाहिला. तो मनोहर अण्णांचा होता. अण्णा शेजारच्याच खुर्चीवर होते. त्यांच्या पिशवीतून पोपटरावांची बाटली निघाली. शिल्लक गोळ्या दोन्हींत बरोबर होत्या.

मी नाशिकच्या एका हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल ट्रायलची कोऑर्डिनेटर आहे. डायलिसिस सुरू झालं म्हणजे किडनी पूर्ण बंद पडली, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. बऱ्याच पेशंटना थोडी लघवी होत असते. ती टिकली तर पाणी जरा मोकळेपणी पिता येतं, तब्येतही बरी राहते. डायबेटिसची एक गोळी ती टिकवते का, हे आम्ही तपासतोय. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला कुठली, हे पेशंटला माहीत नाही, डॉक्टरांना नाही, मलाही नाही.

पोपटराव नामपूरच्या मार्केटात कांदा तोलणारे मापारी. अण्णा सटाण्याचे, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. डायलिसिसला दोघं एकाच जीपने येतात.

“अदलाबदल कशी झाली?”

“झाली नाही मॅडम, केली,” अण्णा म्हणाले. “दर आठवड्याला करतो. एकाची खरी न् एकाची खोटी असली तर? असं केलं की दोघांना निम्मी तरी मिळते.”

“त्याले सोडीसन मी एकटा कसा खाऊ?” पोपटराव उलट माझ्यावरच चिडले.

“दोघांचीही खरी असू शकते. किंवा दोघांचीही खोटी.”

“मग तर काहीच बिघडलं नाही,” अण्णा म्हणाले.

मी पोपटरावांकडे वळले. “दोन शेतकऱ्यांचा कांदा एकत्र ओतून काट्यावर टाकलात तर?”

“मार खाईन.”

“मग?”

ते हळूच म्हणाले, “आता ट्रायलमधून काढतीन का आम्हाले?”

आधी दोघांचं रक्त तपासायला पाठवलं. मग डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले.

“दोघांना बाहेर काढा म्हणेल गोळीची कंपनी,” डॉक्टर म्हणाले.

“चूक आजच कळवू सर. पण पेशंट काढायचे नाहीत. चुकणाऱ्यांना वगळत गेलो तर ही गोळी फक्त शहाण्यांवर चालते का, एवढंच कळेल.”

“कंपनीशी भांडणार कोण?”

“मी.”

कंपनीचा माणूस फोनवर वैतागला. “मॅडम, डेटा खराब झालाय.”

“झालाय. म्हणूनच तर कळवतेय. पण त्यांची लघवी मोजणं थांबवलं तर आहे तोही जाईल.”

बरेच फोन झाले. हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीपुढेही मी हेच सांगितलं. रक्ताचे रिपोर्ट ठीक होते. शेवटी ठरलं: दोघं राहतील. ज्याला सुरुवातीला जी बाटली ठरली, तिच्याच गटात तो मोजला जाईल. अदलाबदलीची नोंद मात्र कायम राहील.

ट्रायल अजून चालू आहे. अण्णांची लघवी बंद झाली. पोपटरावांची टिकून आहे. परवा अण्णा मशीनवर असताना पोपटरावांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “ताई, मन्ही गोळी खरी होती का?”

“माहीत नाही. आणि तुम्ही दोघांनी मिसळल्यामुळे, नंतर कळलं तरी तुमच्यापुरतं त्यातून काही सिद्ध होणार नाही.”

एका गाडीतून येणाऱ्या पेशंटना मी आता, त्यांची हरकत नसेल तर, एकत्र बसवूनच ट्रायल समजावते, गोळ्या का मिसळायच्या नाहीत तेही. संमतीच्या सह्या वेगवेगळ्या घेते.