आबांचा रविवारचा हात

हे कोणाला सांगणार नाही, असा मी आबांना शब्द दिला होता. पण घरात आजारी माणूस असलं की किस्से साठत जातात. औषधांच्या रिकाम्या बाटल्यांसारखे, टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. शाळेत मी फारशी बोलत नाही. म्हणून या वहीत लिहिते.

आबा म्हणजे माझे आजोबा. मूळचे बदलापूर गावातले, अंबरनाथच्या एका कारखान्यात आयुष्यभर फिटर. आता आमच्याकडे, बदलापुरातच मांजर्लीत, दुसऱ्या मजल्यावर असतात. त्यांचा उजवा हात हलायला लागला तेव्हा डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. अंगठा आणि बोट सारखे एकमेकांवर फिरतात, जणू अदृश्य नट आवळतायत.

आई रडवेली झाली. आबा हाताकडे बघत म्हणाले, "रिटायर झालो, ते याला कोनी सांगितलंच नाय."

* * *

माझी आत्या उल्हासनगरला राहते. आबांची ती एकच मुलगी, बाबांची धाकटी बहीण. तिच्या घराजवळ एका सिंधी शेठचं दुकान आहे, व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि जिमवाल्यांच्या पावडरचे डबे असलेलं. शेठने तिला सांगितलं, "दीदी, मेरे चाचा को भी यही था. ये कोर्स किया, हाथ एकदम रुक गया."

आत्याने त्याच दिवशी चार बाटल्या आणल्या. बी, सी, डी, ई. प्रत्येकीवर तिने पट्टी चिकटवून वेळ लिहिली.

पुढच्या महिन्यात मी तिच्यासोबत त्या दुकानात गेले. मी सहज विचारलं, "चाचा अभी कैसे हैं?"

शेठ बाटली पुसत म्हणाला, "चाचा? वो तो दो साल पहले गुजर गए, बेटा."

घरी आल्यावर मी आबांना हळूच सांगितलं. आबा बराच वेळ हसले, मग डोळे पुसून म्हणाले, "मंग खोटं नाय बोलला तो. हात थांबला असंल."

* * *

आत्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आबांसोबत डॉक्टरांकडे गेली. मीही होते. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "बी-ट्वेल्व्ह आणि डी कमी आहे, ते द्या. थकवा जरा कमी होईल. पण हात थरथरतो त्यावर याचा उपयोग नाही. त्यासाठी माझ्याच गोळ्या, ठरलेल्या वेळी."

रिक्षात बसल्याबरोबर आत्याने बाबांना फोन लावला. "दादा, डॉक्टर स्वतः म्हणाले, व्हिटॅमिन द्या."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहिलं.

* * *

मग पावडरचा डबा आला. आत्याने सांगितलं होतं, सकाळच्या गोळीबरोबरच मोठा ग्लास दूध आणि त्यात दोन चमचे पावडर. आई रोज प्रेमाने द्यायची. आठ दिवसांत आबांना खुर्चीतून उठता येईना. दारात आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे तिथेच थांबायचे.

आत्या म्हणाली, "आजार बाहेर पडतोय. आधी वाढतो, मग जातो."

शेवटी आईने डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "त्या पावडरीत प्रोटीन आहे. माझ्या गोळीसोबत दिलंत तर गोळी अंगी लागत नाही." म्हणजे आठ दिवस आम्ही दुधाने औषध अडवत होतो.

आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. आबा तिला म्हणाले, "सूनबाय, रडू नको. दूध बाकी चांगलं होतं."

* * *

आता तो किस्सा, जो सांगायचा नव्हता.

आत्या दर रविवारी अकराला येते. आल्यावर ती काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास आबांच्या हातात देते आणि गॅलरीपर्यंत चालायला सांगते. पाणी सांडलं नाही तर व्हिटॅमिन लागू पडलं.

आबांची सकाळची गोळी आठची असते. ती लागू पडायला पाऊण तास लागतो आणि असर दोनेक तासच राहतो; अकरापर्यंत तो उतरायला लागतो. एका शनिवारी आबा मला म्हणाले, "पोरी, उद्याची गोळी मला सव्वादहाला दे. आईला सांगू नको."

त्या रविवारी आठ ते सव्वादहा आबा लाकडासारखे बसून होते. जागचं हलता येत नव्हतं. नाकावर माशी बसली तर मी उडवली. अकराला आत्या आली. आबांनी ग्लास घेतला, गॅलरीपर्यंत गेले, परत आले. एक थेंब सांडला नाही.

आत्या मट्‌कन खाली बसली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडली.

ती गेल्यावर मी विचारलं, "आबा, असं का केलंत?"

ते म्हणाले, "तिची आई गेली तेव्हा ही बाळंतपणात होती. येता नाय आलं तिला. अजून मनाला लावून घेते. आता बापासाठी कायतरी करते, तर करू दे ना."

त्यानंतर दर रविवारी तसंच झालं.

* * *

एका रविवारी आत्या जेवून थांबली. गोळीचा असर उतरायला लागला. आबांनी उजवा हात मांडीखाली दाबला, डोळे मिटले आणि घोरायला लागले. मला ते घोरणं खोटं वाटत होतं, कारण झोपेत ते घोरत नाहीत.

आत्याने त्यांच्या अंगावर चादर घातली आणि मला कुजबुजून म्हणाली, "किती शांत झोपलेत बघ. आता डॉक्टरांच्या गोळ्या हळूहळू बंद करायच्या. नुसत्या व्हिटॅमिनवर राहतील."

चादरीखाली आबांचं घोरणं थांबलं.

त्या आठवड्यात मी नीट जेवले नाही. सांगितलं तर आत्याचा जीव जाईल, नाही सांगितलं तर आबांच्या गोळ्या.

* * *

पुढच्या रविवारी आत्याला दुपारी वांगणीला साखरपुड्याला जायचं होतं. म्हणून ती नऊलाच आली. आई दर रविवारसारखी बाजारात गेली होती. दार मी उघडलं. तिथून आतली खोली सरळ दिसते.

आबा शर्टाचं बटण लावत होते. हात इतका हलत होता की काज सापडत नव्हतं. दाराकडे त्यांची पाठ होती. ते म्हणाले, "पोरी, किती वाजले? ती यायला दोन तास हायत ना? तोवर हलू दे याला."

आत्या हातात चपला धरून उभी होती. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि तशीच अनवाणी जिना उतरली. मी गॅलरीतून पाहिलं. वॉचमनच्या केबिनजवळच्या बाकावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

अकराला बेल वाजली.

"आबा, आज तर हात एकदम छान दिसतोय," आत्या म्हणाली. तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. ग्लास तिने मागितला नाही. निघताना म्हणाली, "आबा, शेठ म्हणाला, डॉक्टरांच्या गोळ्या बंद नाही करायच्या. व्हिटॅमिनला त्यांची सोबत लागते. सकाळी आठची तर चुकवायचीच नाही. रविवारी पण."

"तू म्हनशील तसं," आबा म्हणाले.

ती गेल्यावर ते गॅलरीत जाऊन खाली बघत उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, पुढच्या टायमाला ती लवकर आली तर तिला वर बोलाव गो. त्या बाकावर लय ऊन येतं."

मी विचारलं, "आबा, म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

आई हाक मारतेय. आबांना उठवून बसवायचंय, तिला एकटीला आता ते जमत नाही. उरलेलं नंतर लिहीन.