राजपुत्र आणि बुक्कीचा कांदा

आमच्या मामाइतकी परागंदा राजपुत्रांची काळजी त्यांच्या प्रधानांनीसुद्धा वाहिली नसेल. वास्तविक काळजी करण्यासारखे घरातच पुष्कळ होते. वडील गेल्यावर आई मला घेऊन सोनईला मामाच्या आश्रयाला आली, तेव्हा त्याच्याकडे तीन एकर कोरडवाहू, एक बैल आणि एकच धड सदरा होता. तो सदरा मामा दोनच ठिकाणी घाली: लग्नाला आणि तंबूतल्या सिनेमाला.

लढाईच्या दिवसांत बाजारतळावर तंबू पडला आणि त्यात एक ऐतिहासिक चित्रपट आला. राज्य गेलेला राजपुत्र जीव वाचवायला परमुलखात गडी होऊन राहतो आणि शत्रूचे हेर त्याला शोधत फिरतात. मामाने तो पाच वेळा पाहिला आणि पाचही वेळा राजपुत्राला वाचवायचा प्रयत्न केला. राजपुत्र बांधावर भाकरी सोडी, कांदा घेई आणि सुरीने त्याच्या नाजूक चकत्या करी. तिथे मामा उभाच राही. "आरं बाबा, बुक्की मार! गडी हायेस तू! धरतील ना तुला!" मागून लोक ओरडत, "बसा खाली, प्रधानजी!" राजपुत्र ऐकत नसे आणि धरला जाई. मामाला दोन दिवस जेवण गोड लागत नसे.

पुढे मी पुण्याला कॉलेजात गेलो आणि मीही वेष पालटला. वसतिगृहातल्या मित्रांना सांगितले, आमची वतनदारी आहे. 'न्हाई'चे 'नाही' केले, कांदा सुरीने कापू लागलो. राजपुत्रापेक्षा आपण हे काम बरे करतो, असे मला मनापासून वाटे.

एका रविवारी ऐन पंगतीच्या वेळी मामा दारात उभा. अंगात तोच सदरा, डोक्यावर गाठोडे. "कोण रे हा?" एका मित्राने विचारले. "आमचा गडी," मी म्हणालो.

मामाने एकदाच माझ्याकडे पाहिले. मग पायताणे बाहेर काढली, कमरेत वाकला. "मालक, आईसाहेबांनी भाकरी दिल्यात," म्हणाला आणि उंबऱ्याशी उकिडवा बसला. मित्र हात धुवायला गेले, तेव्हा हळूच कुजबुजला, "त्या राजपुत्रापरीस लई बरं जमलं का न्हाई रं?"

तो रागावला असता तर मला सोपे गेले असते. मित्र परतले. मी गाठोडे सोडले, त्यातला कांदा पाटावर ठेवला आणि म्हणालो, "हा माझा मामा. ह्यानेच मला वाढवले. वतनबितन काही नाही." आणि बुक्की हाणली. दोन वर्षांत हात सुरीला सोकावला होता. कांदा फुटला नाही. निसटला आणि थेट समोरच्या पंगतीत जेवायला बसलेल्या वसतिगृहाच्या व्यवस्थापकांच्या आमटीत पडला.

"धरला रं, राजपुत्र धरला!" मामा पोट धरून हसला. मग त्याने दुसरा कांदा एका बुक्कीत फोडला आणि पहिली फोड व्यवस्थापकांच्या ताटात ठेवली.

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. पदवीचा झगा घालून काढलेल्या फोटोत खुर्चीवर मामा बसला आहे, त्याच सदऱ्यात. मी मागे उभा आहे. मामा जाऊन बरीच वर्षे झाली. कांदा मला अजूनही एका बुक्कीत फुटत नाही.