संताचे पाय

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की म्युनिकजवळचं ते चर्च आठवतं आणि अजून डोकं तापतं. भारतातून आलेल्या आईने सवयीने दाराशीच बूट काढले आणि गार फरशीवरून ती वेदीवरच्या मोठ्या चित्रापुढे जाऊन उभी राहिली. गुलाबी ढग, गुबगुबीत देवदूत, आणि ढगांतून प्रकटलेल्या मेरीपुढे गुडघे टेकलेला संत. तेवढ्यात तिथला रखवालदार माझ्यावर जर्मनमध्ये खेकसला, "बूट घालायला सांगा त्यांना! हे काय घर आहे तुमचं?" मी ओशाळून म्हणालो, "आई, घाल गं, इथे चालत नाही." तिने चित्रातल्या संताच्या उघड्या पायांकडे बोट दाखवलं. "मग याला कसं चालतं? विचार की त्याला!" जर्मन मला तेव्हाही उत्तम येत होतं, पण मी दाराशी काढलेले तिचे बूट आणले आणि खाली वाकून तिच्या पायांत चढवून त्यांच्या नाड्या बांधत बसलो.