सावंत काकी आणि गच्चीवरची जुनी पॅनेल

सोसायटीच्या कमिटीत पगार नाही, थँक्यू नाही, पण किस्से मात्र ढीगभर! आमच्या भांडुपच्या सोसायटीत तर एकट्या सोलर पॅनेलनी एवढे दिलेत, की सांगता सांगता चहा गार होतो.

वादळात पॅनेल तडकली. नवी बसली, जुनी गच्चीत पडून राहिली. पापड वाळत घालताना माझ्या बायकोचा पाय त्या काचेवर पडला. टाके घालावे लागले. आमच्या सेक्रेटरी सावंत काकी बघायला आल्या आणि कडाडल्या, "ह्यां सगळां आता जातलांच!"

*

भंगारवाला म्हणाला, "फ्रेम नेतो, काच तुम्हीच ठेवा."

मी म्हटलं, "फोडून कचऱ्यात टाकू, यार!"

काकी म्हणाल्या, "आणि कचरा वेचणाऱ्या बायांना पाय नाहीत?"



*

मग काकींनी पॅनेल बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला.

"मॅडम, वॉरंटी संपली."

"वॉरंटी संपली रे, जबाबदारी नाही! जुनी पॅनेल म्हणजे ई-कचरा. त्याची सोय बनवणाऱ्यानेच लावायची, असा नियम आहे."

"सिनियरना विचारतो. होल्ड करा."

काकी स्पीकर ऑन करून भाजी निवडायला बसल्या. ट्यून वाजतेय, वाजतेय... शेवटी सिनियर आला. "अजून लाइनवर आहात?"

"मेथी झाली, आता गवार घेतलीय. बोला!"

*

शेवटी एरिया मॅनेजर स्वतः आला. "अहो, एवढ्याशा मालासाठी कुठे गाडी पाठवायची?"

काकींनी त्याला गच्चीत नेलं आणि पॅनेलमागचं लेबल दाखवलं. "हे नाव कोणाचं?"

"आमचंच."

"मग माल पण तुमचाच ना?"

त्याने तिथूनच रीसायकलिंगवाल्यांना फोन लावला.

*

टेम्पो आला तेव्हा अख्खी सोसायटी खाली! कोणीतरी चक्क नारळ फोडला. टेम्पो गेटबाहेर पडला, गच्ची झाडून झाली, आणि बायको वर जाऊन अनवाणी एक चक्कर मारून आली. मी जिन्यातून बघत होतो. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले.

*

पुढच्या आठवड्यात त्याच मॅनेजरचा काकींना फोन. आवाज एकदम मवाळ.

"काकी, मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीत पण जुनी पॅनेल पडलीयत. दुसऱ्या कंपनीची आहेत, कोणी दाद देत नाही. तुम्ही जरा बोलाल का त्यांच्याशी?"

काकींनी मला हाक मारली, "अरे, खालच्या भाजीवाल्याकडून दोन जुड्या मेथी आण!"