माणकचंदांची व्हॅन आणि राजकुंवरची हाक

पुढे पुढे पिंपळनेरात राजकुंवरशी कापडाचा भाव करायला भलेभले कचरायचे, इतकं तिचं तोंड चालायचं. पण लग्नानंतरची पहिली आठ वर्षं या बाईचा आवाज सासऱ्यांच्या कानावर एकदाही पडला नव्हता, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

मारवाडातून आलेल्या त्या घराची रीतच तशी होती. सून म्हणजे बींदणी. तिनं सासऱ्यासमोर घुंघट ओढायचा आणि बोलायचं नाही. भाजीत मीठ जास्त पडलं, तर माणकचंद बायकोला म्हणत, "बींदणीला सांग." मग सासू धापूबाई हातभर अंतरावर उभ्या असलेल्या सुनेला तेच पुन्हा सांगत. सुनेचं उत्तरही त्याच वाटेनं परत जाई. राजकुंवरला या द्राविडी प्राणायामाचा संताप येई. चोपड्याला माहेरी ती वडिलांच्या जीपखाली शिरून त्यांच्याशीच वाद घालणारी पोर. इथं तिचं तोंड फक्त जेवायला उघडायचं.

घरात एक जुनी व्हॅन होती. तिच्यात लुगडी, धोतरं भरून माणकचंद आणि त्यांचा मुलगा भंवरलाल आठवड्याचे बाजार करत. एकाहत्तर साली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आणि व्हॅनच्या पुढच्या चाकानं मान टाकली. वळताना कडकड वाजायचं, स्टिअरिंग हातात थरथरायचं. चाक ज्याच्यावर वळतं तो बॉल जॉइंट झिजून पार ढिला झाला होता. गावातला चिंधा मिस्त्री म्हणाला, "शेठ, आते हाई गाडी भंगारमा दी टाका."

झालं! माणकचंद इरेला पेटले. भंवरलाल माल आणायला सुरतेला गेलेला. "माझी गाडी, माझं अंगण. मीच बसवतो," म्हणत त्यांनी धुळ्याहून नवा जॉइंट आणला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच अंगणात जॅक लावला. चिंधा ओट्यावर तंबाखू मळत गंमत बघायला येऊन बसला.

जॅक लावला तो नेमका नको तिथं. आखाजीसाठी राजकुंवरनं आदल्या दिवशीच त्या कोपऱ्यातल्या भेगा ओल्या काळ्या मातीनं बुजवून वरून शेणानं सारवलं होतं. उन्हानं सारवण वाळून खडखडीत दिसत होतं, पण आत नुसता चिखल. हे ठाऊक होतं एकट्या तिलाच.

दाराआडून ती सासूला म्हणाली, "बाबूजींना सांगा, तिथली माती ओली आहे. जॅक रुतेल."

धापूबाईंनी सांगितलं. माणकचंद चाक काढता काढता म्हणाले, "तिला सांग, चुलीकडे बघ."

निरोप पोचला. राजकुंवर दारातच उभी राहिली. चुलीला काय धाड भरली होती?

जुन्या जॉइंटची पीन भोकात गच्च बसली होती. माणकचंदांनी नट काढला, ठोकून पाहिलं. पीन ढिम्म. मग हट्टानं ते गाडीच्या कुशीत शिरले आणि उजवा हात खांद्यापर्यंत आत घालून घाव घालू लागले. प्रत्येक घावाला गाडी हलत होती. राजकुंवरची नजर जॅकवर होती. सारवण फुटून काळी माती वर आली आणि जॅक एका अंगाला कलला. धापूबाई शेजारीच होत्या. पण आधी सासूला सांगा, मग सासूनं सांगावं, मग त्यांनी ऐकावं. तोवर हात जाईल!

"बाबूजी, हात काढा!"

माणकचंदांनी दचकून हात ओढला. त्यांना जॅक दिसलाच नव्हता, ते दचकले त्या आवाजाला. पुढच्याच क्षणी गाडी धाडकन खाली बसली आणि त्यांचा कोपर जिथं होता तिथं लोखंड टेकलं.

चिंधा उठून उभा राहिला. "शेठ, हात शाबूत शे ना? सूनबाईनी हाक बठ्ठी गल्लीले आयकू उनी."

हात वाचल्याचं राहिलं बाजूला, सुनेची हाक अख्ख्या गल्लीनं ऐकली हेच माणकचंदांना लागलं. लालबुंद होऊन ते बायकोवर खेकसले, "तिला सांग, आत जा!"

राजकुंवर आत गेली आणि जात्याची खालची तळी उचलून बाहेर आली. "ही जॅकखाली घाला, बाबूजी. आणि स्टेपनी गाडीखाली सरकवा, पुन्हा पडली तर तिच्यावर पडेल." घुंघट डोळ्यांवर येत होता, तो तिनं मागे सारला. "पिनेला दोन हातोडे लागतात. समोरासमोरून, एकदमच मारायचे."

माणकचंदांनी तळी ओढून घेतली. बाजार डोळ्यांसमोर होता. चिंधानं लाजेकाजेस्तव गाडी उचलायला हात दिला. एक हातोडा सासऱ्याचा, दुसरा कोळसे फोडायचा, सुनेच्या हातात. दोघांनी एकदमच घाव घातले. पीन टपकन खाली आली. नवा जॉइंट बसला, नट आवळला, चाक चढलं. माणकचंद नदीपर्यंत चक्कर मारून आले. गाडी आता हूं की चूं करत नव्हती.

खाली उतरले तेव्हा त्यांचा ताठा परत आला होता. सुनेवर बोट रोखून ते बायकोला म्हणाले, "बींदणीला सांग, झालं ते झालं. उद्यापासून पहिल्यासारखं. नाहीतर चोपड्याची वाट मोकळी आहे."

राजकुंवर घाबरली, खोटं कशाला सांगा? माहेरी परत गेलेल्या बाईचं काय होतं ते तिनं पाहिलं होतं. पण एकदा फुटलेला आवाज तिला आता गिळवेना.

"मी चोपड्याला जाणार नाही," ती म्हणाली. "आणि गप्पही बसणार नाही. सकाळी गप्प बसले असते, तर हे बोट माझ्यावर कुठल्या हाताचं रोखलं असतंत?"

माणकचंदांनी हात खाली घेतला. मग नेहमीसारखे बायकोकडे वळले. "सांग तिला..."

धापूबाई खाली बसून जात्याच्या तळीचा चिखल पुसत होत्या. अख्खा संसार त्यांनी इकडचे निरोप तिकडे नेण्यात घालवला होता. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. ती समोर उभी आहे."