वर पाठवलेली बाई

माझ्या खांद्यावरची साडी तिने गिऱ्हाइकासमोर ओढून घेतली.

पैठणी होती, मोरपंखी. एक आई लग्नाच्या मुलीला घेऊन आली होती. निऱ्या करून, पदर खांद्यावर टाकून मी दाखवत होते. हडपसरच्या त्या दुकानात हेच काम मी सतरा वर्षं केलं. शेठची सून गल्ल्यावरून उठली, सरळ माझ्याकडे आली, पदर ओढला आणि शेजारच्या प्राचीच्या खांद्यावर टाकला. प्राची बावीस वर्षांची.

"तुमच्या अंगावर नवी साडीसुद्धा जुनी दिसते," सून म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

ती नवरी मुलगी हसली. तिच्या आईने मान खाली घातली. माझ्याच वयाची असेल. मी तशीच उभी राहिले. बोटं अजून निऱ्या धरल्यासारखी.

दुसऱ्या दिवसापासून मला वर पाठवलं. वर म्हणजे पोटमाळा. फॉल-पिकोहून आलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या, चिठ्ठ्या लावायच्या. वर गिऱ्हाईक येत नाही. शेठना विचारलं, माझं काय चुकलं? ते म्हणाले, आता दुकान सून बघते, मी काय बोलू. त्यांचे स्वतःचे केस पांढरेशुभ्र. ते गल्ल्यावर बसले की दुकान भरवशाचं वाटतं, असं गिऱ्हाइकं म्हणायची. पांढरे केस त्यांचे तर भरवसा. माझे तर पोटमाळा.

खोटं कशाला सांगू, मी केस रंगवले. कपाळावर पुरळ उठलं, डोळे सुजले. घरी मुलीला सांगितलं, दुकानात धूळ फार आहे. सूज उतरल्यावर काळे केस घेऊन खाली गेले. सुनेने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आणि मानेचं काय करणार?"

एवढंच. मी परत जिना चढले. त्या दिवशी घरी जाताना मांजरी गावाच्या बसमध्ये गळ्याभोवती पदर गुंडाळून बसले, भर उन्हाळ्यात. स्वतःच्या मानेची लाज वाटणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. पुढे रंगवणं सोडलं. धाडस म्हणून नाही. खाज सहन होईना म्हणून.

दीड वर्ष गेलं. एका सकाळी सून स्वतः पोटमाळ्यावर आली. पहिल्यांदाच.

"ताई," ती म्हणाली.

तोपर्यंत मी मावशी होते. तिथेच मी कान टवकारले. महिला दिनाला दुकानाचा मोठा फलक लागणार होता. त्यावर पन्नाशीची, पांढऱ्या केसांची बाई हवी होती. हल्ली हेच चालतं, बाईला आपल्या वयाचा अभिमान हवा, असं बरंच काही ती गोड आवाजात बोलली. मी ऐकत होते आणि मनात एकच विचार चालू होता. हिला माझ्याकडून नक्की काय काढून घ्यायचंय?

तरी फोटोला बसले, तिथेच पोटमाळ्यावर. बघायचं होतं. मेकअप करणाऱ्या मुलीने डोळ्यांखालच्या रेघा बुजवल्या. मान झाकेल असा बंद गळ्याचा ब्लाऊज दिला. फोटोग्राफरने काढलेला फोटो कॉम्प्युटरवर आणखी घासला. केस माझे, पांढरे. चेहरा तिशीतल्या कुणाचा तरी. लहानपणी उसाच्या फडात उन्हाने पडलेला गालावरचा डाग गायब. ओठांच्या कडेची रेघ, अगदी आईसारखी, तीही नाही.

"बघा, किती छान दिसताय," सून म्हणाली.

मी विचारलं, "मग उद्यापासून खाली काउंटरला उभी राहू?"

ती हसली. "ताई, फोटो वेगळा, काउंटर वेगळं."

मी उठले. साबणाने तोंड धुतलं. माझी साडी नेसले. फोटोग्राफरला सांगितलं, माझे सगळे फोटो माझ्या डोळ्यांदेखत पुसा. त्याने सुनेकडे पाहिलं. शेवटचा फोटो जाईपर्यंत मी तिथून हलले नाही.

सून म्हणाली, "तुमच्यासारखीला कोण विचारतं हो?"

"तुम्ही विचारलंत, तेव्हाच संशय आला होता," मी म्हणाले.

मग खाली आले आणि काउंटरमागे उभी राहिले. प्राची बाजूला सरकली, जागा केली. सुनेने वर जायला सांगितलं. मी म्हटलं, वय झालं म्हणून वर पाठवते, एवढं लिहून द्या, लगेच जाते. तिने अजून लिहून दिलेलं नाही.

फलक लागला. दुसरीच बाई आहे. केस पांढरे, गळा गुळगुळीत. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका कौतुक करतात. मी करत नाही. त्या बाईचं काय काय पुसलंय ते मला माहीत आहे.

मी त्रेपन्न वर्षांची आहे. रोज वेळेवर येते, डोकं उघडं, मान उघडी. शेठ हल्ली माझ्याशी नीट बोलतात. त्याचाही मला भरवसा नाही. काहीतरी कारण काढून मला घालवतील. घालवू देत. पण त्यांच्या सांगण्यावरून, स्वतःच्या पायांनी, तो जिना मी पुन्हा चढणार नाही.